निवृत्तीनंतर आठवडा कसा लावायचा: नव्या ज्येष्ठांसाठी पायरीपायरीने

ज्यांची निवृत्ती तोंडावर आली आहे किंवा नुकतीच झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं काम पाहते. नवे सभासद येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. कोणती तपासणी करायची, किती चालायचं, कोणतं कार्ड कुठे काढायचं, दुपारी करायचं काय. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे माणूस गोंधळतो आणि शेवटी टीव्हीसमोर बसतो.

इतक्या जणांना जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. व्यायामाचे, वाचनाचे, पथ्याचे निश्चय एकट्याने केले की ते क्वचितच टिकतात. आपण गेलो नाही तर जिथून फोन येतो, "काय हो, आज दिसला नाहीत?", तिथे आपण जात राहतो. म्हणून खाली जे जे सांगणार आहे, त्यात शक्य तिथे एक माणूस जोडून घ्या.

१. आधी तब्येतीची खरी स्थिती समजून घ्या

व्यायाम सुरू करण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांकडे एक सविस्तर भेट ठेवा. "सगळं बॉडी चेकअप" या नावाची महागडी पॅकेजं घेण्याची गरज नसते. डॉक्टरांना विचारून नेमकं तेवढंच करा. बहुतेकांना पुढच्या गोष्टी लागतात: रक्तदाब, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहण्यासाठी), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ईसीजी. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ ची तपासणी जरूर विचारा. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणाही वाढतो, आणि लोक "वय झालं" म्हणून सोडून देतात.

रक्तदाब एकदा बसून आणि एकदा उभं राहून मोजायला सांगा. उठल्यावर दाब एकदम उतरत असेल तर रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती असते.

घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. ॲलोपॅथी, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजाऱ्यांनी दिलेलं चूर्ण, सगळं. हृदयाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे असले की एकाच प्रकारच्या दोन गोळ्या चालू राहिल्याचं पुष्कळदा आढळतं. झोपेच्या गोळ्यांबद्दल स्वतःहून विचारा, कारण त्यांनी तोल बिघडू शकतो. फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस आपल्याला लागेल का, हेही याच भेटीत विचारून घ्या. बायकांनी हाडांच्या घनतेच्या तपासणीचा विषय काढावा.

डोळे, कान आणि दात या तीन गोष्टी लोक पुढे ढकलतात. काचबिंदूमध्ये सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून डोळ्यांचा दाब तपासून घ्या. कानांचं तर मला फार कळकळीने सांगायचं आहे. ऐकू कमी यायला लागलं की माणूस चारचौघांत बोलणं टाळतो, मग जाणं टाळतो, आणि घरचे म्हणतात की स्वभाव बदलला. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यांत ऐकू कमी येणं हे एक आहे आणि नजर कमी होणंही. चष्मा जितक्या सहज लावता तितक्याच सहज श्रवणयंत्र लावा.

घरी करायची एक साधी चाचणी आहे. हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर घाला आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. ६० ते ६४ या वयात पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, ६५ ते ६९ मध्ये पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असं समजतात. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२. कागदपत्रांची एक फाईल करा

ही फाईल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असलं पाहिजे. तीत ठेवायचं:

- आधार कार्ड, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र यांच्या प्रती
- जन्मतारखेचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला
- पेन्शनचं आदेशपत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- आरोग्य विमा असल्यास त्याची पॉलिसी आणि कार्ड
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन जवळच्या माणसांचे फोन नंबर लिहिलेला एक कागद
- पासपोर्ट आकाराचे फोटो

फाईल लावताना पहिला अडथळा आधारचा येतो. पुष्कळ जणांच्या आधारवर पूर्ण जन्मतारीख नसते, फक्त वर्ष असतं. नावात "बाई", "राव" एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. मोबाईल नंबर जुना जोडलेला. सवलतींची कामं अडतात ती इथेच. गरज पडण्याआधी आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती करून घ्या.

वयाप्रमाणे काय मिळतं ते थोडक्यात सांगते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या कायद्यात ६० वर्षांपासून ज्येष्ठ धरतात. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्ध तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झाल्यावर अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत राज्यभर मोफत प्रवास आहे. ही योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. महिलांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्ध तिकीट आहे. ही सवलत एसटीची आहे, शहरांतल्या बससेवांचे नियम वेगळे असतात. कंडक्टरला दाखवायला ओळखपत्र जवळ ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, तिकीट काढताना तो निवडायला विसरू नका.

सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. इथे एक गैरसमज फार आहे. हे कार्ड योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतं, रोजच्या गोळ्या किंवा साधी तपासणी त्यात येत नाही. गोळ्यांचा खर्च कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत आधीपासून असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं, म्हणून चालू विमा घाईने बंद करू नका.

पेन्शनरांनी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पहिल्या वेळी कोणाला तरी बरोबर घ्या.

३. चालणं हवंच, पण नुसत्या चालण्यावर थांबू नका

आमच्याकडे नव्याने येणारा प्रत्येक जण सांगतो, "मी रोज चालतो." चांगलंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे काय, तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इथून सुरुवात होते. ज्यांना सवय नाही त्यांनी दहा मिनिटांवरून सुरू करून दर आठवड्याला थोडं वाढवावं.

त्याच मार्गदर्शनात आणखी दोन गोष्टी आहेत ज्या बहुतेकांना कोणी सांगत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि ६५ नंतर किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. भारतीय संडासावरून उठणं, बसची उंच पायरी चढणं, गहू-ज्वारीचा डबा उचलणं, हे सगळं ताकदीवर चालतं. खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत. पडणं सगळंच टाळता येत नाही, पण पायांत ताकद आणि तोल असला तर पुष्कळ टाळता येतं.

जिमची गरज नाही. घरी करता येतील असे व्यायाम:

- खुर्चीतून उठबस: हात न टेकता, सावकाश, १० वेळा. जमत नसेल तर सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून बसण्याची उंची वाढवा.
- भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, तळवे टेकवून, १० वेळा.
- टाचा उचलणं: स्वयंपाकाच्या ओट्याला धरून १५ वेळा.
- एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली, १० वेळा.
- ओट्याला एक हात लावून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या पायावर.
- पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत, भिंतीच्या कडेने दहा पावलं.

श्वास रोखून धरू नका, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे आंबले तर काळजी नाही. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो प्रकार थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. योगासनं करणाऱ्यांनी वर्गात पहिल्याच दिवशी आपले आजार सांगावेत. काचबिंदू किंवा न आटोक्यातला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळायची असतात.

साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर आणि चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकाकडे चालणाऱ्यांची गर्दी असते. चढ हा उत्तम व्यायाम आहे, पण गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. उतरताना काठी घ्या, लहान पावलं टाका. यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनचा सराव करणारी तरुण मंडळी भेटतात, त्यांच्या वेगाशी आपला वेग जुळवू नका. पावसाळ्यात इथे शेवाळ धरतं आणि रस्ते निसरडे होतात. जून ते सप्टेंबर चालण्याची दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा, मंगल कार्यालयाचा मोकळा हॉल, इमारतीचं पार्किंग, घराची गच्चीखालची पडवी, काहीही. चार महिने खंड पडला तर दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चपलांवर चालायला जाऊ नका. टाच पकडून ठेवणारे, रुंद तोंडाचे बूट घ्या. बायका साडीवर बूट घालायला संकोचतात. तो संकोच गुडघ्यांना परवडणारा नाही. मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय रोज पाहा, जखम जाणवत नाही म्हणून ती चिघळते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी.

चालताना छातीवर दाब आला, दुखणं जबड्याकडे किंवा हातात उतरलं, घाम फुटला, चक्कर आली, तर "थोडं बसतो, बरं वाटेल" असं म्हणत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि सोबत्याला जवळ बसवायचं. म्हणूनही एकट्याने चालू नका. दोघा-तिघांचा गट करा, निघायची जागा आणि वेळ पक्की ठेवा.

४. ताटात काय वाढायचं

ज्येष्ठांच्या ताटात प्रथिनं कमी पडतात. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री दात दुखतात म्हणून मऊ खिचडी. पोट भरतं, पण स्नायूंना काही मिळत नाही. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं असं धोरण ठेवा, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, पेलाभर दुधात ७ ते ८, आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणात साधारण ७ ग्रॅम मिळतात. आकडे पाहिले की लक्षात येतं, प्रत्येक जेवणात काहीतरी घालावं लागणार. मटकीची उसळ, पिठलं, मुगाचं धिरडं, दही, मासे, जे घरात चालतं ते. चावता येत नसेल तर उसळ शिजवून घोटा, पण वगळू नका. दातांचं काम आधी करून घ्या असं मी म्हणते ते याचसाठी.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण सगळं धरलेलं. वयाबरोबर तहान कमी लागते, त्यामुळे पाणी वेळेवर प्यायचं, तहानेची वाट पाहायची नाही. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी तोडणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा दिवसाचं पाणी संध्याकाळी सातपर्यंत संपवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असेल तर तेच पाळा.

उपवास सोडा असं मी कोणाला सांगत नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या तशाच घेऊन निरंकार राहणं धोक्याचं आहे. चतुर्थी-एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. नुसता साबुदाणा खाण्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक घ्या.

५. घरात दोन दिवसांचं काम

बाथरूममध्ये आणि संडासात भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, न घसरणाऱ्या चटया, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री मंद दिवा. दारातली पायपुसणी घसरत असतील तर काढून टाका. वरच्या फळीवरचे रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणा. स्टुलावर चढणं कायमचं बंद. झोपेतून उठताना आधी कडेला बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. बाथरूमची कडी आतून लावू नका, किंवा बाहेरून उघडता येणारी बसवा.

६. माणसं शोधा

हीच पायरी लोक सर्वांत शेवटी करतात, आणि माझ्या मते ती पहिल्या महिन्यात व्हायला हवी. नोकरीत दिवसाला वीस-पंचवीस जणांशी बोलणं व्हायचं, ते एका संध्याकाळी थांबतं. पहिले काही आठवडे बरं वाटतं. मग फोन कमी होतात, जुन्या कचेरीत गेलं तर सगळे कामात असतात.

आपल्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे का ते नगरपालिकेत, वाचनालयात किंवा देवळात विचारलं तर कळतं. महाराष्ट्रातले पुष्कळ संघ फेस्कॉम या राज्य महासंघाला जोडलेले आहेत. शहरांत महापालिकेची विरंगुळा केंद्रं असतात. सभासद होण्यापूर्वी दोन-तीन वेळा नुसतं जाऊन बसा आणि पाहा. आठवड्याला ठरलेला कार्यक्रम होतो की फक्त वाढदिवस आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन? बायका बोलतात की मागे बसून ऐकतात? जागा तळमजल्यावर आहे का, स्वच्छतागृह आहे का? नव्या माणसाला कोणी नाव विचारतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर दुसरा गट पाहा.

संघात रमणार नसाल तर हरकत नाही. भजनी मंडळ, हास्य क्लब, बुद्धिबळाचा कट्टा, ट्रेकिंगचा गट, गाण्याचा वर्ग, आपल्याला रुचेल ते. हास्य क्लबाची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत मोजक्या माणसांनी झाली. तुमच्या गल्लीतही चार जणांनी सुरुवात करता येते. वार, वेळ, जागा एवढंच ठरवा आणि न आलेल्याला फोन करायची जबाबदारी एकावर द्या. घटना, पदं, वर्गणी, पावतीपुस्तक हे नंतर बघता येईल. सुरुवातीलाच अध्यक्ष कोण यावर मोडलेले गट मी पाहिले आहेत.

घरच्या बाईबद्दल इथे सविस्तर बोललं पाहिजे, कारण बहुतेक मार्गदर्शनं पुरुष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. यजमान निवृत्त झाले की बाईचं काम वाढतं. पूर्वी दहा ते पाच घर तिचं असायचं. आता दोन वेळचा जास्त चहा, दुपारचं गरम जेवण, "माझा चष्मा कुठे आहे?" तिची शेजारची बैठक, भिशी, दुपारची झोप, सगळं विस्कटतं. पुरुषांनी पहिल्याच महिन्यात एक जेवण किंवा घरातलं एक संपूर्ण काम स्वतःकडे घ्यावं, "मदत" म्हणून नव्हे, कायमचं. आणि बायकांनी रोजचे दोन तास घराबाहेरचे ठरवून घ्यावेत. सगळं आवरून जाते म्हणाल तर कधीच निघणं होणार नाही. आवरायचं राहू द्या, निघा.

मुलांकडे पुण्या-मुंबईला, बंगळूरला किंवा परदेशी राहायला जाणाऱ्यांचा पहिला महिना फार जड जातो. भाषा नाही, रस्ते माहीत नाहीत, मुलं-सून कामावर. जाण्याआधीच तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा पत्ता काढा. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढून घ्या, रोज चालत जायला ठिकाण मिळतं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, आणि प्रवासाच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, हे पॉलिसी घेण्यापूर्वी लेखी विचारा. नातवंडांना सांभाळायला जात असाल तर रोजचा एक तास आपला, हे विमानात बसण्याआधी मुलांशी बोलून ठरवा.

७. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्यासाठी काम

छंद चांगलेच, पण ज्यात कोणाला तरी आपली गरज आहे असं एक काम हवं. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची नोंद, जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन बसणं, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचं बँकेचं काम, डोंगरावर लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे लहान गावांतही अनुदानित वाचनालयं आहेत आणि त्यांना माणसांची कायम गरज असते. शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि वार ठरवा. "वेळ मिळेल तसा येईन" असं सांगू नका. मुलं वाट पाहतात.

इथेही काही गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच जबाबदारी घ्या. निवृत्त माणूस दिसला की चार संस्था पद देऊ करतात. पैशांचा व्यवहार असलेलं पद घेण्याआधी मागची दोन वर्षं हिशेब तपासले गेले आहेत का ते पाहा. आणि कोणाच्याही कर्जाला जामीन राहू नका, पुतण्या असो की जुना सहकारी. फंडाची रक्कम हातात आली की पहिले सहा महिने ती कुठेही अडकवू नका.

८. मोबाईल शिका

घाबरून दूर राहणं आणि सगळ्यावर विश्वास ठेवणं, दोन्हींत नुकसान आहे. व्हिडिओ कॉल, तिकीट काढणं, वीजबिल भरणं एवढं शिकलात तरी पुष्कळ झालं. नातवंडांकडून शिकताना दर पायरी वहीत लिहून घ्या, कारण ती भरभर दाखवतात.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोर असतो. "डिजिटल अटक" नावाचा प्रकार कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत की पैसे मागत नाहीत. असा फोन आला तर बंद करा आणि लगेच घरच्या कोणाला तरी सांगा. कोणाला सांगू नका असं तो बजावतो, त्यावरूनच ओळखा. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० वर तक्रार करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प राहणारे सर्वांत जास्त गमावतात.

व्हॉट्सॲपवरचा नुस्खा वाचून चालू गोळी बंद करू नका.

९. मनाकडेही पाहा

जोडीदार जाणं, जुने मित्र जाणं, मुलं लांब जाणं, हे या वयात येतंच. दुःख होणं आजार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगण्याला अर्थ नाही असं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, कधीही बोलता येतं. घरात छळ होत असेल, निवाऱ्याची किंवा कायदेशीर मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

किल्ली कुठे ठेवली ते विसरणं सगळ्यांचं होतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचा हिशेब न जमणं, हे वेगळं. तेव्हा थट्टा करू नका, तपासणी करा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, काही औषधं, मनाची उदासी, यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. संघातल्या सोबत्यांना हे बदल कधी कधी घरच्यांच्या आधी कळतात. त्यांनी घरी कळवायला संकोच करू नये.

१०. खंड पडला तर

आजारपण, शस्त्रक्रिया, घरातलं कार्य, गावची यात्रा, यामुळे सगळं थांबतं, आणि बहुतेक जण इथेच कायमचे सुटतात. मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कधीपासून काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साध्या तापानंतरही पहिला आठवडा पूर्वीच्या निम्म्यानेच चाला. अंगात ताकद नसेल तरी संघात जाऊन बसा, व्यायाम नाही केला तरी चालेल. आपल्या गटातला कोणी आठवडाभर दिसला नाही तर फोनवर न थांबता घरी जा, आणि जाताना त्याच्या बरोबर कोपऱ्यापर्यंत चालायची तयारी ठेवा. महिन्याभराने खुर्चीची चाचणी पुन्हा करा. आकडा पहिल्यापेक्षा दोन-तीनने खाली आला असेल तर उठबस आणि टाचा उचलणं आधी सुरू करा, लांबचं चालणं त्यानंतर. दोन महिन्यांनीही तो वर येत नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.